खजूर, कलमा आणि मान

“तुझी ती पणजी जंजिऱ्याच्या बंदरात उतरली, तेव्हा तिचं वय काय होतं?” खतीब वकिलांनी विचारलं.

“सात किंवा आठ,” मी म्हणाले. “नक्की कुणालाच माहीत नाही.”

“आणि आली कुठून?”

“आफ्रिकेतून, जंगबारच्या बाजूने. गावाचं नाव तिला आठवत नव्हतं, की सांगायचंच नव्हतं, कोण जाणे. अम्मीने पाहिलंय तिला. अम्मीची ती नानी. अम्मी लहान असतानाच ती वारली.”

वकील खुर्चीत पुढे सरकले. त्यांच्या ओटीवर आम्ही तिघं बसलो होतो. वकील, त्यांचा मुलगा मुनीर आणि मी. समोर सांदणं होती, नारळाचं दूध होतं. मुनीरची अम्मी आतून बशा पाठवत होती. ती स्वतः काही बाहेर आली नाही. मला ते खटकायला हवं होतं. पण मी त्या दिवशी इतकी खुशीत होते, की मला काहीच खटकत नव्हतं.

मुनीर आणि मी एकाच हायस्कूलात शिकवत होतो. तो विज्ञान, मी भूगोल. दोन वर्षांत आमचं आपसांत ठरलं होतं आणि त्या रविवारी तो मला पहिल्यांदा घरी घेऊन आला होता. मी राजपुरीची, सिद्दी. त्यांचं घराणं कोकणी मुसलमानांतलं, नावाजलेलं. मनात धाकधूक होतीच. पण वकिलांनी मला “ये बेटा” म्हणून हाताला धरून बसवलं आणि तासभर दुसरं काही विचारलंच नाही; फक्त माझ्या पणजीबद्दल.

मग मी सगळं सांगितलं. पणजी आणि तिचा भाऊ समुद्रावर खेळत होते. गलबतावरच्या माणसांनी खजूर दाखवला. मुलं खजुरासाठी फळीवरून वर चढली आणि फळी ओढून घेतली गेली. गुलामांचा व्यापार तेव्हा कायद्याने बंद झाला होता, तरी चोरून चालायचा. भाऊ वाटेत तापाने गेला. त्याला पाण्यात टाकताना हिने पाहिलं. इथे कुणीतरी तिला विकत घेतलं आणि तिचं नाव याकूत ठेवलं. पुढे जन्मभर तिने खजूर तोंडात घातला नाही. रमजानातही ती मिठाच्या खड्याने रोजा सोडायची.

वकिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. मी पाहिलं.

“सुबहानअल्ला,” ते म्हणाले. “बेटा, ही गोष्ट लोकांपुढे आली पाहिजे. शनिवारी वाचनालयाच्या व्याख्यानमालेत प्राध्यापक मोहिल्यांशी माझा परिसंवाद आहे. ऐकायला ये.”

घरी परतताना मी जवळजवळ तरंगतच गेले. मला वाटलं, ज्या माणसाला माझ्या पणजीसाठी रडू आलं, तो मला नाही कसा म्हणेल?

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मुनीर माझ्या मागोमाग फाटकापर्यंत आला.

“अब्बा नाही म्हणाले,” तो म्हणाला.

“का?”

“तुझ्याबद्दल त्यांना काहीच म्हणायचं नाही. मुलगी लाखात एक आहे म्हणाले. पण...” त्याने चपलेने माती उकरली. “आमचं घराणं अरबस्तानातून आलेलं. ते सगळं बघतात. नसब म्हणतात त्याला. रक्त, कुळी...”

“आणि मी?”

“मैमुना, तू समजून घे ना. मी बोलतो त्यांच्याशी. थोडा वेळ दे. शनिवारचं भाषण होऊ दे, मग त्यांचा मूड...”

मी पुढचं ऐकलं नाही. घरी आले. घरी म्हणजे लीला म्हात्रेच्या घरी. लीला आमच्याच शाळेत मराठी शिकवायची आणि कोळीवाड्यातल्या तिच्या घरात मी राहायचे. तिने माझा चेहरा पाहिला आणि सगळं काढून घेतलं. मग म्हणाली, “उद्या जायचं आपण. पहिल्या रांगेत बसायचं. तोंड लपवायला तू काय चोरी केलीस?”

पहिल्या रांगेत जागा नव्हती. तिथे मुनीर आणि त्याचे काका बसले होते. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. वाचनालयाचं सभागृह गच्च भरलं होतं. डावीकडे मोहल्ल्यातली माणसं, उजवीकडे बामणआळी आणि बाजारपेठ. तसं बसा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. व्यासपीठामागे कापडावर विषय लिहिला होता : ‘इस्लामी साम्राज्यांचा विस्तार : तलवार की संस्कृती?’ मध्ये अध्यक्ष म्हणून गावातले वयस्कर डॉक्टर बसले होते.

आधी प्राध्यापक मोहिले उठले. कॉलेजातून निवृत्त झालेले, इतिहासाचे. आवाज खणखणीत.

“सिंधपासून स्पेनपर्यंत नकाशाचा रंग बदलत गेला,” ते म्हणाले, “तो काय अत्तराच्या फायांनी?”

उजवी बाजू हसली. त्यांनी लढाया सांगितल्या, पाडलेली देवळं सांगितली, जिझिया सांगितला. सगळं मुद्देसूद होतं. पण प्रत्येक मुद्द्यानंतर ते डाव्या बाजूकडे असे बघायचे, जणू सिंधवर स्वारी करणारे तिथेच टोप्या घालून बसले होते.

मग खतीब वकील उठले. काळी शेरवानी, हातात एक कागदसुद्धा नाही.

“तलवारीने किल्ला घेता येतो, मोहिलेसाहेब, माणूस घेता येत नाही. जावा-सुमात्र्यावर कुठलं अरब सैन्य चाल करून गेलं? तिथे मिरी-लवंगा घेणारे व्यापारी गेले. आज जगात सर्वांत जास्त मुसलमान तिथे आहेत. बगदादेत ग्रीकांचे ग्रंथ भाषांतरित होत होते, स्पेनमध्ये कुर्तब्याच्या रस्त्यांवर दिवे होते. त्या वेळी युरोप काय करत होता?”

आता डावीकडून टाळ्या. मोहिले जागेवरूनच म्हणाले, “त्याच बगदादेच्या खलिफांच्या राज्यात, बसऱ्याजवळ खारजमीन उपसायला हजारो हबशी गुलाम जुंपले होते! चौदा वर्षं बंड करून लढले ते! त्यांच्यासाठी कुठले दिवे लावले होते?”

हे मला पहिल्यांदाच कळत होतं. भूगोल शिकवणारी मी, बसरा नकाशात कुठे ते मुलांना दाखवायची. त्या खारजमिनीत उभी असलेली माणसं मला दिसायला लागली. मोहिले मात्र तो शब्द, ‘हबशी गुलाम’, अगदी चवीने उच्चारत होते. हुकमाचं पान हाती लागल्यासारखे.

वकिलांनी हात वर केला. सभागृह शांत झालं.

“बरं झालं, गुलामांचा विषय काढलात. हबशातून गुलाम म्हणून विकला गेलेला एक मुलगा अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. मलिक अंबर! ज्याने मोगलांना झुंजवलं, खडकी शहर वसवलं, पाण्याची नहर बांधली. अमेरिकेतल्या गुलामांतून असा एक वजीर दाखवा. आमच्या राज्यांत गुलामाला तख्ताची वाट मोकळी होती, कारण आमच्यात रंगभेद नव्हता. गोरा-काळा नमाजाला एकाच सफेत, एकाच रांगेत उभा राहत होता, आजही राहतो.”

लीलाने माझा हात पकडला.

“आणि हे फक्त वजिरांचंच नाही,” वकील आवाज खाली आणत म्हणाले. “आपल्या जंजिऱ्याचीच एक हकीकत सांगतो. नव्वद-शंभर वर्षांपूर्वीची, माझ्या माहितीतल्या एका सिद्दी घरातली. सात वर्षांची एक अनाथ मुलगी. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून ती गलबतातून आपल्याकडे आली. तिचं नाव याकूत, म्हणजे माणिक! बघा, नावसुद्धा कसं रत्नासारखं दिलं. त्या अनाथ पोरीला गलबतावर खजूर मिळाला, किनाऱ्यावर कलमा मिळाला आणि या मातीत मान मिळाला. याला म्हणतात विस्तार, मोहिलेसाहेब!”

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

आज मी साठीच्या पुढे गेले आहे. तरी ते वाक्य आठवलं की माझी कानशिलं तापतात. मी उठले कधी, ते मला कळलंच नाही. मला माझा आवाज ऐकू आला तेवढाच.

“मिळाला नाही! दाखवला!”

टाळ्या विस्कटत थांबल्या. माना वळल्या.

“खजूर मिळाला नाही तिला, वकीलसाहेब. दाखवला. दाखवून फळी ओढली. आणि ती आली नाही, तिला आणली. अनाथ नव्हती ती. आई होती, बाप होता, भाऊ होता. भाऊ वाटेत मेला आणि त्याला समुद्रात टाकला. हे सगळं मी तुम्हाला तुमच्या ओटीवर बसून सांगितलं. तुम्ही रडलात. मग इथे त्यातलं मरण कुठे गेलं? विकत घेणारा कुठे गेला?”

वकिलांचा चेहरा क्षणभर कोरा झाला. तेवढ्यात मोहिले खुर्चीतून ताडकन उठले.

“ऐका! ऐका! मी तासभर जे सांगतोय त्याची ही साक्ष! त्यांच्यातलीच एक भगिनी सांगतेय! सक्तीने आणलं, सक्तीने बाटवलं...”

आता उजवीकडून टाळ्या. शिट्ट्यासुद्धा. हे हात माझ्यासाठी वाजत होते आणि मला ते नको होते.

“थांबा!” मी ओरडले. “टाळ्या नकोत मला तुमच्या! माझा धर्म माझा आहे. तो माझ्या पणजीने नमाज पढून, रोजे ठेवून आपला केला. त्याचा हिशेब मी तुम्हाला देणार नाही. आणि सर, दोन वर्षांपूर्वी मी नोकरीवर रुजू झाले, तेव्हा तुमच्या माडीवरच्या खोलीसाठी तुमच्या दारात उभी होते. तुम्ही माझं नावसुद्धा विचारलं नाहीत. तोंडाकडे पाहिलंत आणि ‘गेली’ म्हणालात.”

“म्हणजे... ती गेलीच होती...”

“दिवाळीपर्यंत पाटी लटकत होती!” लीला बसल्या जागेवरून गरजली. “मी रोज त्याच रस्त्याने जाते! ‘खोली भाड्याने देणे आहे!’”

कुणीतरी हसलं. मोहिले लाल झाले. “हा विषयांतराचा भाग आहे. आपण बोलतोय ते गुलामगिरीबद्दल...”

“मग पेशवाईतल्या कुणबिणींबद्दल बोला, सर! त्या गुलाम बायांची खरेदी-विक्री व्हायची, ती कुठल्या खलिफाच्या राज्यात? तुम्ही इतिहास शिकवलात ना तीस वर्षं? त्या बसऱ्याच्या माणसांसाठी तुमचा जीव तुटत नाही. ती तुम्हाला यांच्या तोंडावर फेकून मारायला हवी आहेत!”

आता कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. डावीकडे नाहीत, उजवीकडे नाहीत. अध्यक्ष डॉक्टर टेबलावर हलकेच पेन्सिल आपटत “शांतता, शांतता” म्हणत होते. खरं तर तेव्हा शांतताच होती.

वकील सावरले होते. शेवटी वकीलच ते. दोन्ही हात टेबलावर टेकवून ते अध्यक्षांकडे वळले.

“अध्यक्षमहाराज, साक्षीदार बोलतो तेव्हा त्याचा हेतू तपासावा लागतो. सभेला हे माहीत असावं, की या बाईंचा माझ्या घराण्यावर खाजगी राग आहे. तो इथे काढला जातोय. याहून अधिक मी बोलत नाही. मुलीच्या जातीची अब्रू असते.”

अधिक बोलत नाही म्हणून सगळंच बोलून गेले. बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. मी कसलीतरी बदफैली आहे आणि वकील मोठ्या मनाने झाकून नेताहेत, असं ते वाक्य होतं. मी मुनीरकडे पाहिलं. तो माझ्यापासून दोन रांगा पुढे होता. त्याला मान वळवायचीसुद्धा गरज नव्हती. उभं राहून पाच शब्द बोलायचे होते. मी वाट पाहिली. साऱ्या सभागृहाने पाहिली असेल, कारण शाळेतल्या अर्ध्या लोकांना आमचं माहीत होतं. तो मांडीवरचे हात एकमेकांत गुंतवून बसून राहिला. त्याच्या काकांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला होता. जोरात नव्हे, नुसता.

“मीच सांगते,” मी म्हणाले. “यांच्या मुलाने मला मागणी घातली होती. काल यांनी नकार कळवला. कारण यांचं रक्त अरबस्तानातलं आणि माझं गलबतातलं. मला त्याचा राग आहे, हो, आहे! पण राग आहे म्हणून मी खोटं बोलले का, ते सांगा. आताच तुम्ही म्हणालात, आमच्यात रंगभेद नव्हता. मलिक अंबर वजीर झाला. वकीलसाहेब, त्याने तुमच्या घरात मुलगी मागितली असती तर?”

वकिलांनी खुर्ची मागे ओढली आणि ते खाली बसले. मी बाहेर पडले. लीला माझ्या मागे आली. पायऱ्यांवर तिने मला कमरेला धरून खाली उतरवलं.

पुढचे दोन महिने वाईट गेले. मोहल्ल्यात म्हणाले, पोरीने समाजाची अब्रू वेशीला टांगली. बाजारपेठेत म्हणाले, बाईचं डोकं फिरलंय. मोहिल्यांच्या ओळखीतले दोघं शाळेत येऊन गेले. पुण्याला येऊन सभेत एवढंच बोला म्हणाले, खजुराचं आणि सक्तीचं. खोलीचं आणि कुणबिणींचं बोलायची गरज नाही. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. मुनीरने सकाळच्या पाळीचे तास मागून घेतले, म्हणजे मधल्या सुट्टीत समोरासमोर यायला नको.

मे महिन्याच्या सुट्टीत मी राजपुरीला आले. अम्मीच्या कानावर सगळं गेलंच होतं. अब्बा वारून सहा वर्षं झाली होती. ती एकटीच राहायची, मासळी सुकवून विकायची.

“एवढं बोलायची काय गरज होती?” ती रोज म्हणायची. “माझी नानी कधी बोलली? तिने सोसलं, म्हणून आपण आहोत. सव्विसाची झालीस. आता कोण येणार आहे?”

“कुणी नाही आलं तरी चालेल.”

“तुला चालेल. मी गेल्यावर तुला दार उघडणारं कोण आहे?”

आणि एका दुपारी खतीब वकील आले. खाडीपलीकडून, दिघीच्या लाँचने, पांढरा सदरा घामाने भिजलेला. मागे मुनीर. हातात मुंबईच्या मिठाईचा मोठा पुडा. अम्मीची तारांबळ उडाली. तिने सुकटीच्या टोपल्या बाहेर सारल्या, चटई झटकली, शेजारून दोन कप आणवले.

वकील थकल्यासारखे दिसत होते. ते अम्मीशीच बोलले.

“आपा, झालं गेलं विसरू. त्या सभेनंतर मला माझ्याच बिरादरीतली तरणी पोरं विचारतात, वकीलसाहेब, भाषण एक आणि घर एक का? मी खूप विचार केला. मी हे लग्न मान्य करतो. तुमच्या मुलीला आम्ही पदरात घेतो.”

अम्मीच्या डोळ्यांना धार लागली. तिने दोन्ही हात वर करून अल्लाचे आभार मानले.

“मी विचारू का काही?” मी म्हणाले.

“मैमुना!” अम्मी दटावून म्हणाली.

“मुनीर, त्या दिवशी तू का नाही उठलास?”

मुनीरने आधी बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “अब्बांच्या विरोधात, भर सभेत? कसा उठणार होतो? आता मानले ना ते? आता तर सगळं ठीक झालं.”

“मला हे लग्न करायचं नाही,” मी म्हणाले.

अम्मी एवढी संतापली, की तिने माझा दंडच धरला. “वेडी झालीस? माणूस दारात आलाय! माफी माग, आत्ताच्या आत्ता माग! वकीलसाहेब, तिच्याकडे नका बघू. पोर तापट आहे. मी देते वचन. मी आई आहे.”

वकील हसले. त्या हसण्यात दुष्टपणा अजिबात नव्हता. मी त्यांना आजही दुष्ट म्हणणार नाही. त्यांना अम्मीला धीर द्यायचा होता. त्यांनी पुढे वाकून तिच्या हातात मिठाईचा पुडा ठेवला आणि आपल्या माणसाशी बोलावं तशा खालच्या आवाजात म्हणाले, “काळजी करू नका, आपा. लोक काय, दोन दिवस बोलतील. अल्लाच्या मेहेरबानीने मुलं मुनीरच्या रंगावर गेली, म्हणजे प्रश्नच मिटला.”

अम्मीचा हात माझ्या दंडावर होता. तो सैल झाला.

तिने पुड्याकडे पाहिलं. सोनेरी कागद, लाल दोरा. मग तिने तो दोन्ही हातांनी उचलला, जपून, जणू आत काचेचं काही असावं, आणि वकिलांच्या मांडीवर परत ठेवला. डोक्यावरची ओढणी सारखी केली. उठून दार पुरतं उघडलं. बाहेर खाडीवर लखलखीत ऊन होतं आणि धक्क्याशी लाँचचा भोंगा वाजत होता.

“निघा,” अम्मी म्हणाली. “लाँच सुटेल तुमची.”